अकूस्टिक न्यूरोमा आणि किरणोपचार : घटत गेलेल्या मात्रेचा मागोवा

ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर वाढणारी अकूस्टिक न्यूरोमा ही कर्करोगाची गाठ नव्हे. ती बहुधा सावकाश वाढते, शरीरात इतरत्र पसरत नाही. तिचा खरा त्रास जागेचा: चेहऱ्याची नस तिला खेटून जाते आणि गाठ वाढली की मस्तिष्कस्तंभ दाबला जातो.

स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये कवटी न उघडता अनेक दिशांचे किरण एका बिंदूवर आणण्याची कल्पना मांडली. याच कल्पनेवरचे १७९ कोबाल्ट स्रोतांचे पहिले यंत्र, गॅमा नाइफ, १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी या गाठीवर ते वापरले गेले. त्या काळी मात्रा भारी असे. गाठीच्या कडेला १८ ते २५ ग्रे (किरणमात्रेचे एकक) पोहोचत. गाठ थांबे, पण अनेकांचा चेहरा लुळा पडे, ऐकू येणेही जाई. एमआरआयमुळे गाठीची कड स्पष्ट दिसू लागली, तेव्हा नव्वदच्या दशकात मात्रा १२-१३ ग्रेवर आली. गाठ तरीही बहुतेकांत आटोक्यात राहिली आणि चेहऱ्याची नस वाचू लागली. या उपचाराच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच. नवे यंत्र त्यापुढे दुय्यम.

याच दशकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ आले. भूल दिलेल्या जागी चार स्क्रूंनी डोक्याला चौकट घट्ट बसवायची आणि एकाच बैठकीत उपचार संपवायचा, अशी ही पद्धत. लेक्सेल यांच्याकडे शिकलेले जॉन अ‍ॅडलर यांनी स्टॅनफर्डमध्ये चौकटीविना चालणारे सायबरनाइफ घडवले. त्यात २५ ग्रे पाच बैठकांत विभागता येतात. रोज थोडा शेक देत सहा आठवड्यांत सुमारे ५४ ग्रेपर्यंत जाण्याचा मार्गही आहे. विभागून दिल्याने श्रवण अधिक टिकते, ही अपेक्षा मात्र ठामपणे सिद्ध झालेली नाही. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या, मेंदूला दाबणाऱ्या गाठीसाठी शस्त्रक्रियाच आधी येते. उरलेल्या भागाला नंतर किरण देता येतात.

लहान गाठीबाबत सर्वांत कठीण प्रश्न उपचार आताच करायचा का, हा ठरला. लगेच किरण देणे आणि नियमित एमआरआयवर नुसते लक्ष ठेवणे यांची तुलना करणाऱ्या, नॉर्वेतील १०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच किरण दिलेल्यांची गाठ चार वर्षांत तुलनेने लहान झाली. श्रवण, तोल आणि जीवनमानात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. नियमित एमआरआयवर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या काळात कोणताच उपचार लागला नाही.