हुकूमशहा जातो, त्याचे कायदे राहतात

हुकूमशहा गेला की लोकशाही आली, असे कॉलेजात राज्यशास्त्र शिकताना आम्हाला वाटत असे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाची हकीकत वाचल्यावर हा भाबडेपणा गेला.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथविले. पुढे १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशेंना नकार दिला व मार्च १९९० मध्ये आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. मात्र घटना राहिली ती १९८० सालची, लष्करी राजवटीचीच. पिनोशे १९९८ पर्यंत सैन्यप्रमुख होते. सिनेटमध्ये नऊ सभासद निवडणुकीवाचून नेमलेले असत.

निवडणुकीचा हिशेब तर विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. प्रत्येक मतदारसंघात जागा दोन. दोन्ही जिंकायच्या तर दुसऱ्या आघाडीच्या दुप्पट मते हवीत. म्हणजे एकीला ६० व दुसरीला ३५ टक्के मते पडली, तरी वाटणी एक-एकच! बँकेत आकडेमोड करण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले, पण इतका लबाड हिशेब पाहिला नाही. बरे, हे बदलायला संसदेत मोठे बहुमत हवे, आणि ते याच पद्धतीमुळे मिळत नसे.

नेमणुकीचे सिनेटर २००५ च्या घटनादुरुस्तीने गेले, ही निवडणूक पद्धत २०१५ साली. २०१९ मध्ये मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि लोक रस्त्यावर उतरले. नव्या घटनेची मागणी जोरात पुढे आली. पण २०२२ चा डावीकडे झुकलेला व २०२३ चा उजवीकडे झुकलेला, असे दोन्ही मसुदे मतदारांनीच फेटाळले. अनेकवार दुरुस्त झालेली १९८० चीच घटना तेथे अजून चालू आहे.