पाळी, परसबाग आणि एक हट्टी गैरसमज

शालेय परसबागेचे काम विद्यार्थी, शिक्षक आणि स्वेच्छेने येणारे पालक या सर्वांच्या हातून चालते, आणि त्यामुळे घराघरांत रुजलेल्या समजुतीही त्या पालकांबरोबर शाळेच्या आवारात येतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात व एखाद्या हंगामाच्या अनुभवाने गळून पडतात; परंतु एक समजूत अशी आहे की जी दरवर्षी नव्याने कानी येते, जिच्यापायी सातवी-आठवीच्या मुली महिन्यातून चार दिवस वाफ्यांपासून दूर उभ्या केल्या जातात, आणि जिचे निवारण झाल्याखेरीज आपण शैक्षणिक उपक्रम चालवीत आहोत असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही बागमंडळाला पोहोचत नाही. विटाळशीचा हात लागला की रोप कोमेजते, तुळस जळते, वेलाची फुले गळतात, अशी ती समजूत होय.

शरीरशास्त्राचा खुलासा अगदी थोडक्यात देता येतो. पाळीच्या स्रावात रक्त, गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या सुटलेल्या पेशी आणि योनिमार्गातील द्रव एवढेच असते. एका पाळीतील रक्तस्राव सामान्यतः ३० ते ४० मिलिलिटर असतो, आणि तो ८० च्या पुढे गेला तर डॉक्टर त्यास अतिस्राव मानतात. यातील कोणताही पदार्थ मुलीच्या तळहातातून पाझरत नाही, मग तो झारीतील पाण्यात किंवा रोपाच्या मुळाशी पोहोचणार कसा? शिवाय रक्तच जर वनस्पतीला मारक असते, तर कत्तलखान्यातील वाळविलेल्या रक्ताची पूड, जिच्यात सुमारे १२ टक्के नत्र असते, खत म्हणून विकली गेलीच नसती.

काही सुशिक्षित पालक या समजुतीला शास्त्राचा आधार असल्याचे सांगतात, म्हणून तिचा इतिहास पाहणे प्राप्त आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने रजस्वलेच्या स्पर्शाने बागेतील रोपे सुकतात असे नमूद केले, आणि त्याच ग्रंथात पुढे, रजस्वलेने शेताला फेरी घातली तर कणसांवरील अळ्या गळून पीक वाचते, असेही लिहून ठेवले. १९२० साली व्हिएन्नातील बेला शिक या नामांकित बालरोगतज्ज्ञाने, घटसर्पाच्या चाचणीला ज्याचे नाव आहे त्यानेच, आपल्या मोलकरणीने हाताळलेली फुले कोमेजलेली पाहून पाळीच्या दिवसांत शरीरात एक विष उत्पन्न होते असे प्रतिपादन केले, आणि चार वर्षांनी अमेरिकेत कोवळ्या रोपांवर झालेल्या प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाल्यासारखे वाटले. तथापि ते विष पुढे कोणालाही वेगळे काढून दाखविता आले नाही. १९५३ मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवून दिले की, गोळा केलेल्या स्रावामुळे प्रयोगातील जनावरे दगावत होती ती त्यात शिरलेल्या जिवाणूंमुळे. जिवाणुनाशक औषधाची जोड दिली की ती वाचत.

परंतु इतके दूर जाण्याचे तरी कारण काय? कोकणात भरपावसात भाताची लावणी कोण करते? विदर्भात कापूस कोण वेचते, आणि उभ्या महाराष्ट्रात निंदणी-खुरपणी कोणाच्या हातची असते? रोपाच्या मुळाला बोटे लावून करावयाची ही सारी कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. त्यांतील कित्येकींची त्या दिवशी पाळी असते, मुकादम कोणालाही घरी बसण्याची मुभा देत नाही, आणि तरीही भात लोंबीवर येतो. ज्या आजीने सारा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली तिनेच नातीला मेथीच्या चार ओळींपासून दूर ठेवावे, याचा मला मनापासून खेद वाटतो आणि संतापही येतो.

रोपे कोमेजतात हे मात्र खरे आहे, आणि त्याची कारणे शोधणे हाच बागमंडळाचा अभ्यासक्रम आहे. तुळस मुळातच अल्पायुषी. मंजिऱ्यांत बी धरले की तिची पाने झडू लागतात, आणि थंडीत ती अधिकच खंगते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे गादीवाफ्यावर दाट उगवली आणि प्रत्येक वर्गाने आपापल्या परीने पाणी घातले, की बुरशीमुळे ती जमिनीलगत कुजून एका रात्रीत कोलमडतात. मोठे टोमॅटोचे झाड हिरवेगार असतानाच अचानक मान टाकू लागले, तर त्याचे खोड बुंध्याजवळ कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगावे. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग समजावा. गैरसमज खोटा पाडण्यासाठी पाळी असलेल्या मुलींकडून एक वाफा वेगळा करवून घ्यावा, अशीही सूचना उत्साही स्वयंसेवक करतात. ती कदापि मान्य करू नये, कारण कोणाची पाळी केव्हा आली याची नोंद ठेवण्याचा अधिकार शाळेला नाही. प्रयोगच करावयाचा तर पाण्याचा करावा: एका वाफ्यास रोज दोनदा, दुसऱ्यास वरची माती सुकल्यावरच.

इतर समजुतींना एवढी जागा देण्याचे कारण नाही. भर उन्हात पाणी घातल्याने थेंबांचे भिंग होऊन पाने भाजतात, हे गुळगुळीत पानांच्या बाबतीत खरे नसल्याचे बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले आहे. दुपारी पाणी घालू नये ते बाष्पीभवनाने वाया जाते म्हणून. गांडुळाचे दोन तुकडे केल्यास दोन गांडुळे होत नाहीत. ताजे शेण हे खत नव्हे. ते कुजल्यावाचून घातले तर मुळांना इजा होते आणि हुमणीला आमंत्रण मिळते. बागकामाने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, कार्यानुभव शिक्षणाचा भाग व्हावा ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केली होती.

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने जूनच्या सभेत स्पष्ट ठराव करावा की, पाळीच्या कारणावरून कोणाही विद्यार्थिनीस बागेच्या कामातून वगळले जाणार नाही, पोट दुखत असल्यास कारण न विचारता विश्रांती दिली जाईल, आणि बागेजवळ पाणी व साबण यांची तजवीज राहील. बागेत येणाऱ्या आयांना आणि आज्यांना माझी विनंती आहे की, हा ठराव त्यांनी स्वतः मांडावा. गुरुजींनी मांडलेल्या ठरावापेक्षा त्याचा आधार मुलींना कितीतरी अधिक वाटेल.