फुकट घराचा हिशेब

१ सप्टेंबर १९४० रोजी गिरगावातल्या किंवा परळच्या खोलीचं जे भाडं होतं, तेच १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाणित भाडं’ ठरवलं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीनंतरचे लोंढे येत होते, खोल्या मिळत नव्हत्या. अशा वेळी घरमालकांना मोकळं रान दिलं असतं, तर गिरणी कामगार बिऱ्हाडासकट रस्त्यावर आला असता. कायदा तेव्हा गरजेचाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं राहिला. डाळ, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळं चढत गेलं. भाडं जागच्या जागी. १९९७च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं अवाजवी ठरवलं, तेव्हा कुठे १९९९चा नवा कायदा झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. वीस रुपयांवर ४ टक्के म्हणजे ऐंशी पैसे.

मालकाने डागडुजी सोडली, पागडीचा, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याचा व्यवहार फोफावला. १९६९मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, तेव्हा उपकर भरणाऱ्या १९,६४२ जुन्या इमारती त्याच्या पदरात पडल्या. दुरुस्तीची जबाबदारी मालकाकडून सरकारवर सरकली, इतकंच.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक बहुधा इथेच थांबतात: भाडं गोठवलं म्हणून घरं आटली. यात तथ्य आहे, कारण मुंबईतल्या साध्या माणसाचं घर पिढ्यान् पिढ्या भाड्याचंच होतं आणि भाड्याने द्यायला चाळ बांधण्यात काही राम उरला नाही. तिची जागा मालकीच्या फ्लॅटने घेतली. खोलीचं भाडं महिन्याच्या पगारातून निघतं. फ्लॅटला एकरकमी पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नव्हते, तो झोपडीत गेला. तरी एवढ्याने सगळा उलगडा होत नाही.

जमिनीचं पाहा. १९७६च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटरवर आणली. जादा जमीन सरकारकडे येईल आणि तिथे गरिबांची घरं होतील, अशी कल्पना. प्रत्यक्षात बरीचशी जमीन सवलतींच्या अर्जांत आणि कोर्टाच्या तारखांत अडकली. महाराष्ट्राने हा कायदा २००७मध्ये रद्द केला. त्यातच एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. १९९१च्या नियमावलीत शहरात १.३३, उपनगरांत १. बांधकामावर झाकण ठेवलं की गर्दी आवरेल, असा होरा होता. माणसं यायची काही थांबली नाहीत, ती नाल्याकाठी आणि टेकडीच्या उतारावर राहिली. २०११च्या जनगणनेत मुंबईतले ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत होते.

मग १९९५मध्ये अफझुलपूरकर समिती नेमली गेली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए उभं राहिलं. घोषणा होती ४० लाख लोकांना फुकट घरं. सरकार पैसा घालणार नव्हतं, घालणार होतं एफएसआय. बिल्डरने झोपडीधारकांना घरं बांधून द्यायची, बदल्यात विक्रीचं बांधकाम मिळवायचं. मूळ नियमात उपनगरांत पुनर्वसनाच्या एका चौरस फुटामागे विक्रीचा एक. म्हणजे विक्रीच्या इमारतीत फ्लॅट घेणारा दोन घरांचा खर्च उचलतो. शिवाय संक्रमण शिबिर, कर्जाचं व्याज आणि बिल्डरचा नफा.

मला यातली खरी गोम इथेच दिसते. योजना चालते ती आसपासची घरं महाग असली तरच. वांद्र्याच्या झोपडपट्टीवर बिल्डर तुटून पडतात, मानखुर्दकडे फारसं कुणी फिरकत नाही. उद्या भाव निम्म्यावर आले, तर मध्यमवर्गाला घर परवडेल आणि त्याच दिवशी पुनर्वसनाचं काम ठप्प होईल. परवडणारं घर हवं, असं व्यासपीठावरून म्हणणारं सरकार कागदावर भाव न पडण्यावर विसंबून आहे. आठ लाख घरांचं उद्दिष्ट होतं. तीन दशकांत निम्मीही झाली नाहीत.

शिवाय पात्रतेचा घोळ. आधी १ जानेवारी १९९५, नंतर २०००, पुढे पैसे भरून २०११पर्यंत. वीजबिल आणि मतदार यादीतलं नाव शोधण्यात वर्षं जातात. पोटमाळ्यावर संसार थाटलेला अपात्र, खालचा पात्र.

२०१२मध्ये अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने देशातल्या शहरी घरांचा तुटवडा १ कोटी ८७ लाखांवर काढला. त्यात बेघर कुटुंबं जेमतेम पाच लाख. सुमारे दीड कोटी कुटुंबांना घर होतं, पण दाटीचं. लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली नाही, ही त्या दाटीची एक कसोटी. आणि आदल्याच वर्षीच्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी होती. नुसता ‘बांधा, आणखी बांधा’ हा घोषा म्हणूनच मला पटत नाही. कुणासाठी बांधायची, ते आधी बोला.

सरकारने स्वतः बांधलं तेव्हाही हाच प्रश्न आडवा आला. १९२०च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं. झाल्या १६ हजारांच्या आसपास, २०७ चाळींत. त्यातली वरळी तेव्हा लांब, भाडं न झेपणारं. खोल्या ओस पडल्या आणि कायदेभंगाच्या दिवसांत तिथे सत्याग्रहींना कोंडलं गेलं. आता राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण म्हाडा त्याच चाळींचा पुनर्विकास करते आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५००. रहिवाशांनी जन्म काढला त्या खोल्यांत, हे त्यांना मिळायलाच हवं होतं. पण इथला पैसाही विक्रीच्या इमारतींतूनच यायचा आहे.

या सगळ्या योजना आधीच आत असलेल्यांच्या. सोलापूरहून काल आलेल्या पोराला हवी असते महिन्याच्या भाड्याची खोली. त्याच्यासाठी म्हणावी अशी योजना महानगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने २००८मध्ये आणली होती: भाड्याची घरं, १६० चौरस फुटांची, बिल्डरला जादा एफएसआय देऊन बांधून घेतलेली. २०१६मध्ये त्यातली पनवेलजवळच्या कोनची घरं सोडतीत निघाली. भाड्याने नव्हे, मालकीने, गिरणी कामगारांच्या यादीतून.