बहात्तर सेकंदांचं कोडं
पावसाने उघडीप दिली, की रात्री दक्षिणेला वृश्चिकाच्या नांगीच्या पूर्वेला धनू रास दिसते. १५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतल्या ओहायोतील ‘बिग इअर’ रेडिओ दुर्बिणीने याच दिशेकडून ७२ सेकंदांचा जोरदार संकेत टिपला. छापील नोंदीत तो दिसताच खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी शेजारी लिहिलं, ‘वॉव!’

दुर्बीण जमिनीला खिळलेली. पृथ्वी फिरताना आकाशातला एखादा बिंदू तिच्या टप्प्यात ७२ सेकंदच राहायचा. म्हणजे स्रोत आकाशातलाच असावा. वारंवारता १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, हायड्रोजनची. विश्वात सर्वाधिक असलेलं हे मूलद्रव्य परग्रहवासीयांनाही ठाऊक असणार, म्हणून त्यांचे संकेत शोधणाऱ्यांचे कान तिथेच लागलेले.

नंतर बराच शोध घेतला, पण तो संकेत पुन्हा मिळाला नाही. पडताळता न येणारी गोष्ट विज्ञान पुरावा मानत नाही. तो संकेत परग्रहवासीयांचा असल्याचा दावा अडतो तो इथेच.