नाव आपले हवे

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी माझे तीन जुने विद्यार्थी घरी आले. एक अंबरनाथचा, एक बदलापूरचा आणि एक मुलगी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारची. चहा झाला, बिस्किटे संपली, तरी मूळ गोष्ट बाहेर येईना. शेवटी मुलगीच म्हणाली, "मिस, आम्ही मोबाईल गेमची कंपनी काढतोय. गेम अर्धा तयार आहे. नाव मात्र मिळत नाहीये."

दोघे मुलगे प्रोग्रॅमिंग करतात, चित्रे ही काढते. मला संगणकातले फारसे कळत नाही. पण मी उर्दू आणि मराठी शिकवते, आणि नाव म्हणजे शेवटी शब्दच. म्हणून ते माझ्याकडे आले होते.

आधी मी तोच प्रश्न विचारला, जो तुमच्यापैकी प्रत्येक आई-वडील विचारतील: यात जुगार नाही ना? मुलांनी स्पष्ट सांगितले, पैसे लावून खेळण्याचा गेम आम्ही करणारच नाही. कायदाही आता तेच सांगतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व साध्या करमणुकीच्या खेळांना वेगळे ठेवले. तेव्हा गेम बनवणे म्हणजे जुगाराचा धंदा, हा समज घरातल्या मोठ्यांनी सोडायला हरकत नाही.

पहिली यादी

त्यांनी वहीत वीस-बावीस नावे लिहून आणली होती. सगळी इंग्रजी. त्यातली निम्मी तर परदेशातल्या नावाजलेल्या कंपन्यांची, एखादे अक्षर बदललेली. लोगोही तसेच, फक्त रंग वेगळे.

मी काही बोलायच्या आत मुलगी खाली बघून म्हणाली, "अब्बांनी ही यादी पाहिली आणि जेवता जेवता उठले."

तिचे अब्बा उल्हासनगरात जीन्सच्या एका कारखान्यात शिलाईचे काम करतात. आपल्या शहराचा तो जुना विनोद सर्वांना ठाऊक आहे: मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी लष्कराच्या रिकाम्या छावणीत शून्यातून उद्योग उभे केले, आणि आज इथल्या जीन्सवर हजारो घरे प्रामाणिकपणे चालतात. तरी तो विनोद काही पुसला गेला नाही. पुढच्या भेटीत तिचे अब्बा स्वतः आले. म्हणाले, "मिस, वीस वर्षांत माझ्या हातून किती लेबलं शिवली गेली. सगळी दुसऱ्यांच्या नावाची. काही खरी, काही... जाऊ द्या. पोरीनं तरी स्वतःचं नाव लावावं."

त्या दिवशी जुनी यादी फाडली.

मोठ्यांनी नावे कशी ठेवली

मग आम्ही जगातल्या गेम कंपन्यांची नावे शोधत बसलो. जपानची निन्टेन्डो 1889 मध्ये क्योटो शहरात हाताने बनवलेल्या पत्त्यांपासून सुरू झाली. सेगा हे नाव 'सर्व्हिस गेम्स' या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून आले. अमेरिकेच्या अटारीची गोष्ट मुलांना सर्वांत आवडली. मालकांनी आधी ठरवलेले नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलेले निघाले. तेव्हा त्यांनी 'गो' या जुन्या खेळातला एक शब्द उचलला. बुद्धिबळात आपण 'शह' म्हणतो, तसाच काहीसा त्याचा अर्थ. 1972 मध्ये त्या नावाने कंपनी नोंदली गेली आणि जॉर्ज ऑपरमन यांनी काढलेल्या तिच्या तीन रेघांच्या लोगोला लोक आजही ओळखतात.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. बंगळुरूची ध्रुवा इंटरॲक्टिव्ह 1997 ची. ध्रुव म्हणजे अढळ तारा. मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज मार्च 2021 मध्ये शेअर बाजारात आली. नझारा हा तर आपल्या घरात रोज बोलला जाणारा शब्द! मोठी कंपनी व्हायला नाव इंग्रजीच असावे लागते, हा मुलांचा समज तिथे गळून पडला.

एक सावधगिरीही सापडली. 'पॅकमॅन' हा गेम 1980 मध्ये जपानात 'पकमॅन' या नावाने आला होता. अमेरिकेत नेताना ते बदलले, कारण इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराची जराशी खाडाखोड केली की शिवी तयार होत होती. शाळेच्या भिंती आणि बाके रोज पाहणाऱ्या शिक्षिकेला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नाव ठरवताना वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाला दाखवावे, हा माझा सल्ला.

तीन नावे उरली

नव्या यादीतून शेवटी तीन नावे राहिली. 'लगोरी', 'वालधुनी' आणि 'नुक्ता'.

लगोरीचा लोगो सोपा: एकावर एक ठेवलेल्या सात ठिकऱ्या. पण खेळाचेच नाव खेळाच्या कंपनीला दिले, तर ते फक्त आपले आहे असे पटवणे अवघड जाते. वालधुनी ही अंबरनाथ आणि उल्हासनगरातून वाहणारी आपली नदी. नाव तिघांच्याही ओळखीचे, पण नदीची आजची दशा पाहून बदलापूरचा मुलगा म्हणाला, "मिस, आधी ती साफ होऊ द्या."

नुक्ता म्हणजे ठिपका. उर्दू सुलेखनात कलमेने काढलेला नुक्ता चौकटच्या पानासारखा दिसतो, आणि अक्षराची उंची-रुंदी त्याच नुक्त्याने मोजतात. मोबाईलच्या पडद्यावरचे चित्रही शेवटी बारीक ठिपक्यांचेच असते. मुलीने बोरूने एक नुक्ता काढला, आणि खोलीत दोन मिनिटे कुणी बोलले नाही.

लोगोची परीक्षा आम्ही अशी घेतली. अॅपच्या दुकानात चित्र 512 पिक्सेलचे द्यावे लागते, पण फोनवर ते अंगठ्याच्या नखाएवढेच दिसते. म्हणून नखाएवढे छापून पाहिले. मग फक्त काळ्या शाईत पाहिले. मग हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय मी पाहिले. बारीक नक्षी असलेले चार नमुने बाद झाले.

कागदाचे काम

वाचकांच्या मुलांनाही उपयोग होईल म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कंपनीचे नाव सरकारकडे नोंदले म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असे नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आधीचे अर्ज फुकट शोधता येतात. तो शोध लोगो काढण्याआधी घ्यावा. डाउनलोड होणाऱ्या गेमसाठी वर्ग 9 आणि ऑनलाइन खेळासाठी वर्ग 41 पाहावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये, इतरांना 9,000 रुपये आहे. नोंदणी 10 वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधी गोलातला 'आर' लावायला कायद्याने मनाई आहे. धार्मिक भावना दुखावतील अशी नावे कायदा नाकारतो, त्यामुळे पवित्र नावे धंद्याच्या पाटीपासून दूरच ठेवावीत.

आणि एक गोष्ट मी तिघांना बसवून सांगितली. लोगो मुलीने काढला आहे. त्याचे हक्क कंपनीला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तोंडी बोलणे चालत नाही. त्या कागदावर तिचा मोबदला किंवा कंपनीतला हिस्साही लिहिला गेला पाहिजे. "आपण मित्रच आहोत ना," असे एक मुलगा म्हणाला. मी म्हटले, "मित्र आहात म्हणूनच आत्ता लिहा." देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही तर आपली जुनी शिकवण.

'नुक्ता'चा शोध अजून चालू आहे. त्याच वर्गात कुणी आधीच घेतलेले निघाले, तर तिघे पुन्हा वही उघडतील. कागदावर मात्र सह्या झाल्या आहेत. साक्षीदार म्हणून सही मुलीच्या अब्बांनी केली, आणि खाली आपले पूर्ण नाव सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहिले.