नकाशा आणि करार, दोन्ही वाचणारे विद्यार्थी

लोद, रामले, अश्दोद, बेर शेवा, किर्यात गात अशा गावांत आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे पन्नास-साठच्या दशकांत उभ्या राहिलेल्या शिकूनमध्ये राहत आली आहेत. तीन-चार मजले, लिफ्ट नाही, मामाद नाही, नळ गंजलेले. आता यांतल्या काही इमारतींच्या जिन्यात पिनुई-बिनुईचे कागद लागू लागले आहेत. जुनी इमारत पाडायची आणि त्याच जागी अधिक घरांची नवी इमारत बांधायची, असा हा व्यवहार. यझामचा, म्हणजे बिल्डरचा माणूस घरी येतो, गोड बोलतो, हिब्रूतला जाडजूड करार टेबलावर ठेवतो आणि सही मागतो.

अशा वस्त्यांत कधी कधी विद्यार्थीही येतात. आम्ही विद्यापीठातून आलो आहोत, शहररचना आणि जमिनीचा कायदा शिकतो, या कामासाठी आम्हाला मिल्गा मिळते, असे ते सांगतात. ही मुले कोण, त्यांना पैसे कोण देते, ती आपल्या कोणत्या कामाची आहेत आणि कोणत्या कामाची नाहीत, हे सहीची वेळ येण्याआधी समजून घेतलेले बरे.

मिल्गा म्हणजे नुसती मदत नव्हे

मिल्गा म्हणजे शिष्यवृत्ती. पण इस्राएलमध्ये अनेक शिष्यवृत्त्या कामाच्या बदल्यात मिळतात. आपल्या नातवंडांमुळे पेराख ही योजना बहुतेकांना माहीत आहे. 1974 साली वाईझमान संस्थेत ती सुरू झाली. विद्यार्थी एका मुलाला वर्षभर शिकवतो, त्याच्याशी मैत्री करतो आणि त्याबद्दल त्याच्या फीचा काही भाग भरला जातो. गृहखात्याची त्सोआरिम योजना आणखी पुढे जाते. तिच्यात तरुणांना शिकवून तयार करतात आणि नंतर ठरलेला काळ त्यांनी नगरपालिकेत किंवा स्थानिक परिषदेत नोकरी करायची असते.

शहररचना आणि कायदा शिकणाऱ्यांची व्यवस्था याच धर्तीची आहे. काहींना पैसे मिळतात, काहींना पैशाऐवजी परीक्षेचे गुण मिळतात. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात नागरी क्लिनिक आहे. तेथील नियोजनाचे विद्यार्थी पुस्तकातून उठून प्रत्यक्ष वस्त्यांच्या आणि घरांच्या प्रश्नांवर काम करतात. तेल अवीव विद्यापीठाच्या कायदा विभागात घर, वस्ती आणि कायदा या विषयाचे क्लिनिक आहे. तेथे कायद्याचे विद्यार्थी सनद असलेल्या वकिलांच्या देखरेखीखाली रहिवाशांची कामे हाताळतात. क्लिनिक हा शब्द येथे दवाखान्याच्या अर्थाने नाही. पण शिकाऊ डॉक्टर जसा मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली रोगी तपासतो, तशीच ही पद्धत.

दोन विद्या एकत्र कशाला?

जमिनीच्या प्रत्येक व्यवहाराला दोन कागद असतात. एक नकाशा, दुसरा करार. या जागेवर काय बांधता येईल, किती मजले, रस्ता कोठून, बाग कोठे, सार्वजनिक जागा किती, हे नकाशा म्हणजे ताबा सांगतो. तुम्हाला स्वतःला काय मिळेल ते करार सांगतो. शहररचनाकार नकाशा वाचतो, वकील करार वाचतो. सामान्य माणसाचे नुकसान बहुधा या दोघांच्या मधल्या फटीत होते.

समजा, करारात लिहिले आहे की नव्या इमारतीत तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर मोठे घर मिळेल. वकील म्हणेल, ठीक आहे. पण नकाशात ती इमारत वीस मजली आहे. वीस मजल्यांच्या इमारतीला दोन-तीन लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीपासून बचावाची यंत्रणा आणि देखभाल करणारी कंपनी लागते. त्याचा खर्च दर महिन्याला सगळ्या घरांवर वाटला जातो. आज जिन्याच्या झाडलोटीपुरती थोडी रक्कम वाद बायितला देणाऱ्या, बितुआख लेउमीच्या पैशावर जगणाऱ्या आजींना तो खर्च झेपेल का? नकाशा पाहणाऱ्याला मजले दिसतात, करार पाहणाऱ्याला घर दिसते. महिन्याचे बिल पाहायचे तर दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात.

शब्बाथच्या लिफ्टचेही तसेच आहे. एकापेक्षा अधिक लिफ्ट असलेल्या नव्या इमारतींत एका लिफ्टला शब्बाथची यंत्रणा बसवावी, असा कायदा 2001 साली झाला. पण ती रोज शब्बाथला चालणार का आणि तिचा खर्च कोणावर, हे रहिवाशांनी आधीच विचारून कागदावर घ्यावे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला आज पहिल्या मजल्यावरून तेफिल्लाला उतरता येते. उद्या दहाव्या मजल्यावरून तो कसा उतरेल?

या दोन्ही विद्या एका माणसात कशा येतात याचे चांगले उदाहरण म्हणजे हैफाच्या तेखनियोनमधील प्राध्यापिका राखेल आल्टरमन. त्यांनी आधी शहररचना शिकली आणि पुढे तेल अवीव विद्यापीठात कायदाही शिकला. सरकारच्या नियोजनामुळे जमिनीची किंमत घटली तर मालकाला भरपाई मिळावी का, या प्रश्नावर 13 देशांचे कायदे तुलनेने मांडणारा त्यांचा ग्रंथ 2010 साली निघाला. नियोजन, कायदा आणि मालमत्तेचे हक्क या विषयाच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या त्या संस्थापक अध्यक्षा.

साठ दिवसांची गोष्ट

1965 च्या नियोजन आणि बांधकाम कायद्याप्रमाणे नवा नकाशा मंजूर होण्याआधी लोकांसमोर ठेवावा लागतो. त्याला हफ्कादा म्हणतात. वर्तमानपत्रात जाहिरात येते, जागेवर फलक लागतो. त्यानंतर 60 दिवसांत ज्याला त्या नकाशाने बाधा पोहोचते त्याला हरकत, म्हणजे हितनगदुत, लेखी देता येते. समितीला ती ऐकावी लागते. पण फलक हिब्रूत असतो, नकाशा रंगीत रेघांचा असतो, आणि साठ दिवस कधी निघून गेले ते वयस्कर माणसाला कळतही नाही.

विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे. ते फलक पाहतात, नकाशा उतरवून घेतात, रंगांचा अर्थ सांगतात आणि तुमची तक्रार नियोजनाच्या भाषेत लिहायला मदत करतात.

आपल्या समाजासाठी यात एक खास गोष्ट आहे. आपल्या लोकांची काही लहान सिनेगॉग जुन्या मिकलातमध्ये किंवा शिकूनच्या तळमजल्यावरील खोलीत वर्षानुवर्षे चालू आहेत. अशा खोलीचा मालक सिनेगॉग नसतो. पिनुई-बिनुईच्या करारावर सही घराचे मालक करतात. सिनेगॉगला मत नसते. म्हणून करार कितीही चांगला झाला तरी त्यात सिनेगॉगचे नाव येणार नाही. नव्या नकाशात सार्वजनिक इमारतीसाठी जागा राखली आहे का, बांधकामाच्या वर्षांत मिन्यान कोठे जमणार, हे प्रश्न हरकतीतच मांडता येतात आणि तेही त्या 60 दिवसांतच. वकिलाला हे सुचेलच असे नाही, कारण त्याचे अशील घरमालक आहेत. जागेच्या वापराचा अभ्यास करणारा विद्यार्थी मात्र पहिलाच प्रश्न विचारतो की या इमारतीत घरांशिवाय आणखी काय चालते? त्याला सिनेगॉग दाखवा, शनिवारी किती माणसे येतात ते सांगा.

जमिनीच्या कायद्यासमोर उभे राहणे आपल्याला नवीन नाही. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या, वडिलांच्या वाट्याची जमीन आम्हाला का नाही असे त्यांनी विचारले आणि त्यांच्यामुळे नियम बदलला. त्यांनी भांडण केले नाही. योग्य वेळी, योग्य ठिकाणी प्रश्न मांडला.

वयस्करांचे हक्क

पिनुई-बिनुईत एकट्या माणसाने सर्वांना अडवू नये म्हणून 2006 साली कायदा झाला. बहुसंख्य मालक तयार असताना जो विनाकारण सही नाकारतो, त्याला दायार सरवान म्हणतात आणि त्याच्यावर दावा करता येतो. पूर्वी त्यासाठी 80 टक्के मालकांची संमती लागत असे. 2021 च्या दुरुस्तीनंतर दोन-तृतीयांश पुरते. या आकड्याने पुष्कळ वयस्कर माणसे घाबरतात आणि सही करून मोकळी होतात.

पण त्याच कायद्यात सही नाकारण्याची रास्त कारणेही आहेत. व्यवहार तुम्हाला परवडणारा नसेल, बांधकामाच्या काळात राहायला पर्यायी घर दिले नसेल, योग्य हमी म्हणजे अरवुत दिली नसेल, अपंगत्वासाठी लागणारी सोय नाकारली असेल, तर तुम्ही विनाकारण अडवत नाही. ठरावीक वयापुढील माणसाला यझामने वेगळे पर्याय द्यायचे असतात. उदाहरणार्थ, दोनदा घर हलवण्याऐवजी दुसरीकडे तेवढ्याच किमतीचे घर, किंवा लहान घर आणि उरलेली रक्कम रोख. वयाची अट आणि पर्याय दुरुस्त्यांनी बदलत आले आहेत. म्हणून शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी काय मिळाले यावर न जाता, आज माझ्या वयाला काय लागू आहे असे विचारावे. 2016 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सरकारी नूतनीकरण प्राधिकरणात रहिवाशांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी आहे, आणि अनेक नगरपालिकांत मिन्हेलेत नावाचे कार्यालय आहे.

जे अमिदारच्या घरात भाड्याने राहतात त्यांची गोष्ट निराळी. तेथे मालक अमिदार, सहीही त्यांचीच. भाडेकरूने आपला हक्क अमिदारकडून लेखी घ्यावा. दमेई मफतेआख म्हणजे आपल्या मुंबईची पागडीच. अशा भाडेकरूचे हक्क 1972 च्या भाडेकरू संरक्षण कायद्यात आहेत आणि ते मालकाच्या हक्कांपेक्षा वेगळे आहेत. मुंबईत ज्यांचे नातलग चाळीच्या पुनर्विकासात वर्षानुवर्षे ट्रान्झिट कॅम्पात अडकले, त्यांना हमीचा कागद किती महत्त्वाचा आहे हे सांगायला नको.

तरीही एक बाजू विसरू नये. मामाद 1992 पासूनच्या बांधकामात आहे. जुन्या शिकूनमध्ये नाही. सायरन वाजल्यावर तीन जिने उतरणे ऐंशी वर्षांच्या माणसाला जमत नाही. नवे घर वाईट नाही. न समजता केलेली सही वाईट.

विद्यार्थ्याला काय विचारावे

पहिला प्रश्न, तुला पैसे कोण देतो? विद्यापीठ, नगरपालिका, संस्था की यझाम? रहिवाशांच्या वकिलाची फीसुद्धा बहुधा यझामच देतो. त्यामुळे वकील अप्रामाणिक ठरत नाही. पण व्यवहार झाला नाही तर काहीच न गमावणारा माणूस जवळ असणे मोलाचे असते. दुसरा प्रश्न, तुझ्यावर देखरेख करणारा वकील किंवा प्राध्यापक कोण? त्याचे नाव घ्यावे आणि विद्यापीठात फोन करून खात्री करावी. तिसरा प्रश्न, तुझे वर्ष कधी संपते? विद्यापीठाचे वर्ष तिश्रीच्या सणांनंतर सुरू होते आणि उन्हाळ्यात संपते. पिनुई-बिनुई मात्र कित्येक वर्षे चालते. विद्यार्थी बदलला तरी कागद तुमच्याकडे राहिले पाहिजेत. म्हणून प्रत्येक कागदाची प्रत आपल्या फायलीत ठेवावी.

विद्यार्थ्याने स्वतःच्या जबाबदारीवर कायद्याचा सल्ला देऊ नये, आणि तुम्ही त्याच्यासमोर कशावरही सही करू नये. तो समजावून सांगेल, यादी करेल, प्रश्न लिहून देईल. सही करायची ती वकिलाशी आणि घरच्यांशी बोलूनच.

शेवटी नातवंडांसाठी. आपल्या मुलांना संगणक आणि डॉक्टरीची वाट ठाऊक असते. शहररचना आणि कायदा एकत्र शिकता येतो, त्यासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. घरात मराठी ऐकत वाढलेली मुलगी उद्या अशी विद्यार्थिनी झाली, तर लोदच्या एखाद्या आजींना ती नकाशा मराठीत समजावून सांगेल. आजी तेव्हा बिनधास्त विचारतील, "बाळ, माझी खिडकी यात कोठे आहे ते दाखव." असा प्रश्न परक्या भाषेत विचारायचे धाडस फार थोड्यांना होते.