आडनाव गेले, ‘राव’ राहिले
बंगळूरच्या मराठी घरांतील नावांची कहाणी

कोणतेही सरकारी पत्रक हाती घ्या. आरंभीच चौकटी आखलेल्या असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला त्या भरताना विचार करावा लागत नाही. बंगळूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी गृहस्थाची लेखणी मात्र शेवटच्या चौकटीपाशी थबकते. घरी मराठी बोलली जाते, देव्हाऱ्यात तुळजाभवानी किंवा खंडोबा असतो, परंतु आडनाव काय, असे विचारले की उत्तर येते, “राव.” आणि राव हे तर आडनावच नव्हे!

हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपे गौडांच्या वंशजांकडून बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. राजांबरोबर शिलेदार आले, कारकून आले, पंडित आले. शहाजीराजांच्या मागे त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी तंजावरास राज्य स्थापिले. बंगळूर १६८७ च्या सुमारास मोगलांकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. सत्ता गेली, माणसे मात्र राहिली. पुढेही लष्कराच्या, व्यापाराच्या आणि कारकुनीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येतच राहिली. ती आली तेव्हा त्यांच्याजवळ आडनावे होती. मग ती गेली कोठे?

वाचकहो, यासाठी एक मौजेचा नकाशा डोळ्यांपुढे आणावयास हवा. पुण्याकडील माणूस आपल्या गावाचे नाव शेवटी लावतो आणि त्याला ‘कर’ जोडतो. तेथून दक्षिणेस धारवाडकडे या. गावाचे नाव शेवटीच राहते, पण ‘कर’ गळून पडतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाव मन्सूर. गंगूबाई हनगल यांचे मूळ गाव हनगल. दोघेही हिंदुस्थानी संगीतातील थोर गायक. महाराष्ट्रात जन्मते तर कदाचित मन्सूरकर आणि हनगलकर झाले असते. आणखी खाली जुन्या म्हैसूर प्रांतात या, की गाव उडी मारून नावाच्या आरंभी जाऊन बसते, आणि तेही केवळ एका अक्षराने. सर एम. विश्वेश्वरय्या यांचा ‘एम’ म्हणजे मोक्षगुंडम. ते आंध्रातील एका गावाचे नाव. कुवेंपूंचा ‘कु’ म्हणजे कुप्पळी. गाव, मग वडिलांचे नाव, मग स्वतःचे नाव असा हा क्रम. आपल्याकडील क्रम आरशात पाहावा, तसा.

मराठी कुटुंबे या आरशासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी बहुधा शेजाऱ्यांची रीत उचलली. याचे ठळक उदाहरण बंगळूरकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. आनंदराव सर्कल हा चौक ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे त्यांचे वडील. घराणे मराठी, तंजावरकडचे. आता या ‘टी’चा अर्थ काय? तंजावर! पुण्यात हेच घराणे तंजावरकर म्हणून ओळखले गेले असते. आनंदरावांच्या पाठोपाठ दिवाण झाले ते विश्वेश्वरय्या. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याचे घराणे आंध्रातून आलेले. नावांची घडण मात्र एकच.

आता ‘राव’ या शब्दाकडे वळू. राजा, राय, राव अशी त्याची परंपरा. मराठीत तो माधवराव, आनंदराव असा नावाला चिकटून येतो. तो आदराचा प्रत्यय आहे, कुळाचे नाव नव्हे. इंग्रजी अमदानीत शाळेच्या व कचेरीच्या पटांवर नावे रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. माधव आणि राव यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली, आणि शेवटचा शब्द तेच आडनाव, अशी इंग्रजी समजूत असल्यामुळे राव हे आडनाव होऊन बसले. आज कानडी, तेलुगू, तुळू, कोंकणी आणि मराठी अशा पाच भाषांची माणसे राव म्हणवितात. केवळ नावावरून कोण कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सर्वांचेच असे झाले नाही. मराठा कुटुंबांत सोयरीक जमविताना कूळ आणि देवक पाहावे लागते. म्हणून कागदावर नसले तरी घरात आडनाव जिवंत राहिले. कर्नाटकाचे माजी मंत्री पी. जी. आर. सिंधिया यांच्या नावात तीन आद्याक्षरेही आहेत आणि आडनावही. शिंदे हे नाव इंग्रजी लेखनातून फिरून आले की सिंधिया होते. १९५० मध्ये बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मास आला. मोठेपणी तो याच शहरात बसकंडक्टर झाला आणि १९७५ पासून तमिळ चित्रपटांतून रजनीकांत म्हणून गाजला. पडद्यासाठी नाव बदलले, तरी गायकवाड हे आडनाव लोकांच्या ध्यानात राहिले.

आडनाव मूळचेच असते, अशी आपली एक समजूत आहे. ती फारशी खरी नाही. नाना फडणवीस यांचे आडनाव भानू. फडणविशी हा त्यांचा हुद्दा. चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांतील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. कुळकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनांची नावे, आणि म्हणूनच ती धारवाड-विजापूरकडे कानडी घरांतही तितकीच आढळतात. कानडीत आडनावाला ‘अड्डहेसरु’ असाही शब्द आहे. अड्ड म्हणजे आड, हेसरु म्हणजे नाव. शब्दसुद्धा दोन्हीकडे सारखाच!

सातासमुद्रांपलीकडे एस्टोनिया नावाचा एक छोटा देश आहे. तेथील शेतकरी जर्मनभाषी जमीनदारांचे भूदास होते. १८१६ व १८१९ च्या कायद्यांनी ते मुक्त झाले आणि पुढच्या सुमारे वीस वर्षांत त्यांना प्रथमच आडनावे देण्यात आली. तोपर्यंत माणूस आपल्या शेतवाडीच्या नावाने ओळखला जाई, आणि शेतवाडीचे नाव आधी, माणसाचे मागून, अगदी म्हैसूरसारखे! नव्या आडनावांचे अर्थ पाहा : सेप म्हणजे लोहार, मॅगी म्हणजे डोंगर, रेबाने म्हणजे कोल्हा. आपले लोहार, डोंगरे आणि कोल्हेच म्हणा ना. कित्येकांच्या वाट्याला मात्र जर्मन आडनावे आली. देश स्वतंत्र झाल्यावर, विशेषतः १९३० नंतरच्या दशकात, हजारो कुटुंबांनी ती टाकून एस्टोनियन नावे घेतली. जे कचेरीने दिले, ते लोकांनी कचेरीत जाऊनच बदलून घेतले.

बंगळूरच्या मराठी घरांत सध्या याच्या उलट प्रवाह दिसतो. पारपत्रावर आद्याक्षरांचा विस्तार करावा लागतो आणि आडनावाची चौकट रिकामी ठेवणे परदेशी जाणाऱ्याला गैरसोयीचे पडते. मग वडिलांचे नावच त्या चौकटीत जाते. त्यामुळे आजोबा राव, मुलगा आजोबांच्या नावाने, नातू मुलाच्या नावाने, अशी एकाच घरात तीन ‘आडनावे’ होतात. वारसाहक्काच्या कागदपत्रांत ही सर्व मंडळी एकाच कुटुंबातील आहेत, हे सिद्ध करताना वकिलाचे घर भरते, ते निराळेच.

पैशाच्या हिशेबात न बसणारे नुकसान आणखी वेगळे आहे. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांपाशी यात्रेकरूंच्या वंशावळींच्या वह्या आहेत. जुन्या नोंदी कित्येकदा मोडी लिपीत असतात. पूर्वी कोणी काशीला किंवा गोदेच्या स्नानाला निघाले, की वाटेत या वह्यांत आपले, वडिलांचे, भावांचे नाव लिहवून येई. दक्षिणेत स्थायिक झालेल्या एखाद्या घराण्याचा पूर्वजही तेथे नोंदलेला असू शकेल. परंतु वहीला अनुक्रमणिका असते ती गावाची आणि आडनावाची. बंगळूरहून गेलेला राव उपाध्यायांसमोर बसला, की त्याला दोनच प्रश्न विचारले जातात : मूळ गाव कोणते, आणि आडनाव काय? ज्या घरात एखाद्या वृद्ध आजीला ते ठाऊक असते, तेथे वही उघडते. जेथे नसते, तेथे उपाध्याय नवे पान काढतात आणि वर बंगळूर, राव असे लिहितात.